भिंती वाळेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मी एका छोट्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. हिवाळा सुरू झाल्यापासून माझी सकाळ गवंड्याच्या थापीच्या आवाजाने उजाडते. मोठ्या वाचनकक्षाच्या भिंतींनी कित्येक वर्षं ओल धरली होती. पोपडे सुटत होते, खालच्या फळीवरच्या पुस्तकांना कुबट वास येऊ लागला होता. शेवटी जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला आणि नवा केला. या सगळ्या काळात वाचनालय एक दिवसही बंद नव्हतं. वर्तमानपत्रांचं लांब टेबल आम्ही व्हरांड्यात आणलं, देवघेवीचा टेबल जिन्याखाली बसवला. वाचक येतात, धुळीतून वाट काढतात, आणि आपापल्या जागी बसतात.

बंद का ठेवलं नाही, हे मला बरेच जण विचारतात. बंद ठेवलं असतं तर काम लवकर उरकलं असतं, हे खरंच आहे. पण मी पूर्वी ज्या वाचनालयात होते, तिथे दुरुस्तीसाठी दाराला कुलूप लागलं आणि दोन महिन्यांचं काम वर्षभर लांबलं. दार पुन्हा उघडलं तेव्हा सगळं नवं होतं, झकपक होतं, पण रोज सकाळी यायची ती माणसं नव्हती. काही जण नंतर बाजारात भेटले. म्हणाले, "बाई, सवय मोडली हो." एवढंच. पुस्तकांविषयी तक्रार नाही, आमच्याविषयी राग नाही. सवय मोडली. तेव्हापासून मी मनाशी ठरवलंय की छप्पर डोक्यावर पडणार नसेल, तर निदान एक टेबल आणि एक कपाट वाचकांसाठी चालू राहिलंच पाहिजे.

डॉ. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला पहिलाच आहे, पुस्तकं वापरासाठी आहेत. आज हे इतकं साधं वाटतं की कुणी शास्त्र म्हणून सांगावं याचंच नवल वाटेल. पण मध्ययुगातल्या युरोपात पुस्तकं कपाटाला साखळीने बांधून ठेवत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून जपलेलं आहे. तेव्हा पुस्तक जपायचं म्हणजे ते हलू द्यायचं नाही, हा विचार होता. दुरुस्तीच्या नावाखाली महिनोन्‌महिने कुलूप लावतो, तेव्हा आपणही तीच साखळी घालत असतो, असं मला मनापासून वाटतं.

आता पुस्तकं हलवण्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण आम्ही सगळ्यात जास्त शिकलो ते यातच. पुस्तकं जड असतात, हे ठाऊक असूनही दरवेळी नव्याने कळतं. एक मीटर लांबीची भरलेली फळी साधारण 25 ते 30 किलो भरते. सहा फळ्यांचं एक कपाट म्हणजे दीडशे किलोंच्या पुढचं ओझं, तेही नुसत्या पुस्तकांचं. म्हणून खोकी लहानच घ्यायची. मोठं खोकं दिसायला सोयीचं, पण ते उचलताना एक तर तळ फाटतो नाही तर उचलणाऱ्याची कंबर धरते. आणि सगळी खोकी वरच्या मजल्यावर खोलीच्या मधोमध रचून ठेवायची नाहीत. जुन्या इमारतीची जमीन माणसांसाठी बांधलेली असते, एका जागी टेकलेल्या एवढ्या वजनासाठी नव्हे. आम्ही सगळी खोकी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत ठेवली, जमिनीला न टेकवता लाकडी पट्ट्यांवर.

खोक्यात पुस्तक आडवं ठेवावं किंवा पुठ्ठ्याच्या पाठीवर उभं करावं. पाठ वर आणि पानं खाली असं कधीही ठेवू नये. तसं ठेवलं की पानांचा सगळा भार खाली ओढतो आणि बांधणी पाठीपासून सुटते. घरी कपाट आवरताना आपण सगळेच ही चूक करतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि नंबर! प्रत्येक खोक्यावर, बाजूला, ठळक अक्षरात: कपाट 7, फळी 3, डावीकडून पहिलं. वर झाकणावर लिहिलं तर खोकी एकावर एक रचल्यावर ते दिसतच नाही. बांधायला बसण्यापूर्वी आम्ही दाखल नोंदवही घेऊन एकेक पुस्तक तपासलं. तसंही पुस्तकमोजणी करायचीच होती. भिंतीजवळचं मोठं कपाट पुढे ओढलं तेव्हा मागे पडलेली काही पुस्तकं सापडली. नोंदवहीत त्यांच्यासमोर 'गहाळ' असा शेरा होता. ज्या सभासदांवर आम्ही मनातल्या मनात संशय घेतला असेल, त्यांची मी त्या क्षणी मनोमन माफी मागितली.

पुस्तकं हलवायला हमाल बोलवायचे की काय, असा विचार चालू होता. पण वाचकांनीच सांगितलं, आम्ही येतो. एका रविवारी सकाळी, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, अशी माणसं वाचनकक्षापासून मागच्या खोलीपर्यंत ओळीने उभी राहिली आणि खोकी हातोहात पुढे सरकू लागली. शाळकरी मुलं होती, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली होत्या, निवृत्त झालेली मंडळी होती. ज्यांना ओझं झेपणार नव्हतं ते खुर्चीत बसून नंबर लिहीत होते. मधेच कुणी एखादं पुस्तक उघडून वाचायला लागे आणि सगळी रांग खोळंबे. कुणीही रागावलं नाही.

आता भिंतींकडे येते. हिवाळ्यात काम काढलं कारण पाऊस नसतो. पण थंडीत गिलावा सावकाश वाळतो, हे विसरून चालत नाही. नव्या गिलाव्यात पुष्कळ पाणी असतं आणि ते सगळं हळूहळू खोलीच्या हवेत येतं. हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. म्हणजे ओल घालवायला काम काढलं आणि घाईने पुस्तकं परत लावली, तर आपणच त्यांना ओलीत नेऊन ठेवलं असं होतं. गिलाव्याला निदान चार आठवडे द्यावेत असं म्हणतात, पण भिंत काही कॅलेंडर पाहून वाळत नाही. म्हणून आम्ही एक साधी परीक्षा करतो. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. आतल्या बाजूला दव जमलं असेल तर भिंतीत अजून पाणी आहे. उत्तरेच्या भिंतीवरचा आमचा तुकडा कितीतरी दिवस रोज सकाळी ओलाच निघत होता. आता हा वाचकांचाही नेम झाला आहे. पेपर उघडायच्या आधी ते भिंतीपाशी जाऊन येतात.

थंडीने कसर मरते असा एक समज आहे. आपल्याला हुडहुडी भरते तेवढ्या थंडीने ती मरत नाही. मोठ्या ग्रंथालयांत कीड लागलेली पुस्तकं पिशवीत बंद करून उणे 20 अंशांत आठवडाभर ठेवतात, तेव्हा कुठे ती जाते. छोट्या वाचनालयाने झाडलोट करावी, हवा खेळती ठेवावी, कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावीत आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर उचललेली असावी. एवढं नेमाने केलं तरी बरंच साधतं. आणि एखादं पुस्तक भिजलंच, तर ते उन्हात टाकू नका. ऊन कागद वाकडा करतं आणि शाई उडवतं. सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी उघडून उभं ठेवा, आणि हे पहिल्या दोन दिवसांत करा. पुढे बुरशी वाट पाहत नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून, खालून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात जे ऊन खिडकीच्या चौकटीपाशीच थांबतं, ते थंडीत थेट खोलीच्या पोटात शिरतं. आमच्याकडचे एक आजोबा त्या उन्हाबरोबर खुर्ची सरकवतात. सकाळी खिडकीपाशी, अकराच्या सुमारास खांबापाशी. नव्या आराखड्यात त्या खिडकीसमोर कपाटं दाखवली होती, कारण भिंत लांब होती आणि कपाटं छान बसत होती. मी म्हटलं, इथे ऊन पुस्तकांच्या पाठी पांढऱ्या करील आणि माणसांना मिळणार नाही. आता तिथे लांब बाक होणार आहे आणि कपाटं आतल्या भिंतीला जातील. आराखडा करणाऱ्याने निदान आठवडाभर वाचनकक्षात नुसतं बसावं, कोण कुठे बसतं आणि का, ते पाहावं. मग पेन्सिल हातात घ्यावी.

प्रवेशद्वाराचंही तसंच. अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीच्या देणगीतून जगभरात सुमारे 2,500 वाचनालयं उभी राहिली. पहिलं 1883 साली उघडलं, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन या त्याच्या जन्मगावी. त्यांतल्या अनेक इमारतींना दारापुढे भारदस्त पायऱ्या होत्या. ज्ञानाकडे माणूस चढून जातो, असा काहीसा भाव त्यामागे होता. पण ज्याचे गुडघे दुखतात किंवा ज्याची चाकाची खुर्ची आहे, त्याने काय करायचं? पुढे अशा कितीतरी इमारतींना उतार आणि लिफ्ट जोडाव्या लागल्या. उताराचं गणित सोपं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमच्या दोन पायऱ्या मिळून एक फूट भरतात, म्हणजे बारा फुटांची जागा हवी. ती काढण्यासाठी दारापुढचा कट्टा पाडावा लागला. त्यावर संध्याकाळी गप्पा मारणाऱ्या मंडळींना वाईट वाटलं. मलाही वाटलं.

कार्नेगीची एक अट मात्र मला फार शहाणपणाची वाटते. तो इमारतीला पैसे देई, पण गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या रकमेच्या दहा टक्के इतकी तरतूद दरवर्षी वाचनालय चालवण्यासाठी करायची. नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, आणि नंतर गळक्या कौलासाठी कुणाकडे पैसे मागायचे हे ग्रंथपालाला कळत नाही. आमच्या भिंतीतली ओल काही एका वर्षात चढली नव्हती. सुरुवातीलाच छपराची पन्हळ बदलली असती तर विटेपर्यंत जावंच लागलं नसतं.

या सगळ्या पसाऱ्यात हिवाळ्याचे कार्यक्रम आम्ही सोडले नाहीत. 10 डिसेंबरला मेलविल ड्यूईचा जन्मदिवस असतो. त्याने 1876 साली पुस्तकांची दशांश वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. कपाटं रिकामी होती, म्हणून आम्ही मुलांच्या हातात क्रमांकांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं, तुम्हीच पुस्तकं व्हा आणि ओळीत उभे राहा. 520 म्हणजे खगोलशास्त्र, 590 म्हणजे प्राणी. 523 आला की तो 520 आणि 530 यांच्या मधे घुसतो. दशांश चिन्ह आल्यावर गोंधळ उडाला, 598.1 आधी की 598.09 आधी, यावर खूप वाद झाला. शेवटी एका चिमुरडीने फळ्यावर दोन्ही एकाखाली एक लिहून सगळ्यांना समजावलं.

संध्याकाळ लवकर होते, म्हणून सहा वाजता मोठ्याने वाचन सुरू केलं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांची दृष्टी गेली आहे असे दोन वाचक त्यासाठी नेमाने येतात. येत्या 4 जानेवारीला जागतिक ब्रेल दिन आहे. लुई ब्रेल यांचा जन्म 1809 साली त्याच दिवशी झाला. त्या संध्याकाळी वाचन या दोघांपैकी एक जण करणार आहेत, ब्रेलमधून, बोटांनी. त्या वेळी दिवे मालवून ठेवावेत अशी त्यांची इच्छा आहे. अंधारात त्यांचं वाचन चालू राहील आणि आम्ही ऐकत बसू. तुम्हीही या. उतार तोवर तयार होईल, कठडा मात्र अजून बसायचा आहे, तेव्हा दाराशी कुणीतरी हात द्यायला उभं असेल.

आणि आज सकाळची गोष्ट. उत्तरेच्या भिंतीवरचा प्लास्टिकचा तुकडा मी सोडवला. मागे तिघे-चौघे वाचक उभे होते. आत एकही थेंब नव्हता. मी तळवा टेकवून पाहिला. भिंत गार होती, पण कोरडी होती. उद्या तिला रंगाचा पहिला हात लागेल.

नमस्कार.