घुबडाच्या नजरेमागचा मेंदू

पैठणला नाथसागराच्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला हा कवड्या धीवर खालच्या माशावरची नजर हटवत नाही. त्या नजरेमागचे काम समजून घ्यायचे, तर डोळ्यापासून मेंदूपर्यंत जावे लागते.

पक्ष्यांच्या दृष्टिपटलावरून निघालेले जवळजवळ सर्व चेतातंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात आणि त्यांतील बहुसंख्य मध्यमेंदूतील टेक्टम या भागात पोहोचतात. पडद्यावर दिसणाऱ्या, कबुतराच्या मेंदूच्या या कापात टेक्टमचे 15 थर दिसतात; स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी हे थर 19व्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकातून पाहून हाताने रेखाटले होते. डोळ्याचे तंतू वरच्या थरांत संपतात. तेराव्या थरातील मोठ्या पेशी मात्र आपल्या शाखा तेथपर्यंत वर पाठवतात आणि त्या शाखांची टोके बाटली धुण्याच्या ब्रशसारखी झुपकेदार असतात. अशी एकेक पेशी विस्तीर्ण दृष्टिक्षेत्रावर लक्ष ठेवते आणि त्यात कुठेही हललेल्या लहानशा ठिपक्याला प्रतिसाद देते. तेथून संदेश थॅलॅमसमधील, म्हणजे संवेदनांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागातील, रोटंडस या केंद्रात जातो. रंग, हालचाल आणि अंगावर येणारी वस्तू यांची दखल घेणाऱ्या पेशी तेथे वेगवेगळ्या भागांत असतात. त्यानंतर हा संदेश अग्रमेंदूतील एन्टोपॅलियम या भागात पोहोचतो.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, असतात तसे सहा थर या अग्रमेंदूत नाहीत, म्हणून पक्षी केवळ उपजत प्रेरणेने वागतात असे दीर्घकाळ मानले गेले, आणि ते चुकीचे होते. आपल्या मेंदूच्या बाह्यकाच्या चौथ्या थरात, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या पेशींत, जी जनुके कार्यरत असतात, तीच एन्टोपॅलियमच्या पेशींतही कार्यरत असल्याचे 2012 मध्ये दाखवण्यात आले. 2020 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी कबूतर आणि गव्हाणी घुबड यांच्या मेंदूतील तंतूंची दिशा ध्रुवित प्रकाशात तपासली, तेव्हा तेथेही बाह्यकासारखी उभी-आडवी जोडणी आढळली.

आता या पडक्या वाड्याच्या कोनाड्यातील गव्हाणी घुबडाकडे पाहा. त्याच्या दृष्टीचा दुसरा मार्ग थॅलॅमसमधून अग्रमेंदूतील वुल्स्ट या भागात जातो आणि वाटेत काही तंतू पुन्हा बाजू ओलांडतात. त्यामुळे एकाच पेशीला दोन्ही डोळ्यांचे संदेश मिळतात आणि दोन्ही प्रतिमांतील सूक्ष्म फरकावरून तिला अंतर जोखता येते. पेटिग्रू आणि कोनिशी या संशोधकांनी हे 1976 मध्ये सिद्ध केले. उंदीर मारून शेतकऱ्याच्या धान्याची राखण करणाऱ्या या पक्ष्याला अपशकुनी ठरवून आजही मारले जाते, वास्तविक 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.