निळी रात्र आणि जिन्यावरची सावली

(एका चित्रपट मंडळात 'नोस्फेरातू' दाखवण्यापूर्वी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सिनेमा सुरू व्हायला थोडा अवकाश आहे. तेवढ्या वेळात मला तुमच्याशी एका रंगाबद्दल बोलायचंय. निळ्या रंगाबद्दल.

'नोस्फेरातू' हा जर्मन मूकपट मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, ओरखड्यांनी भरलेल्या काळ्यापांढऱ्या प्रतीवर. त्यात ग्राफ ओर्लोक नावाचं पिशाच्च जहाजातून एका जर्मन बंदरात उतरतं आणि स्वतःची शवपेटी उराशी धरून गावातून चालत जातं. आणि चक्क ऊन पडलेलं! मला काही कळेना. शेवटी जो उन्हानेच मरणार, तो उन्हातून फिरतो कसा? दिग्दर्शकाचं लक्ष नव्हतं, असं मी धरून चाललो आणि पुढे कित्येक वर्षं इतरांनाही तेच सांगत राहिलो.

दिग्दर्शक मुर्नाऊवर हा अन्याय होता. १९२२ साली खऱ्या रात्रीच्या अंधारात बाहेर चित्रण करणं जवळजवळ अशक्य होतं, कारण फिल्म तेवढी संवेदनशील नव्हती. म्हणून दिवसा चित्रण करायचं आणि प्रदर्शनाच्या प्रतीत तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून काढायचा. पडदा निळा झाला की रात्र, हा संकेत तेव्हाच्या प्रेक्षकाला पाठ होता. पुढे त्यावरून काळ्यापांढऱ्या नकला निघाल्या, रंग गेला आणि बिचाऱ्या ओर्लोकची रात्र उन्हात उघडी पडली. फ्रान्समध्ये जपलेल्या एका रंगीत प्रतीच्या आधाराने जीर्णोद्धार झाला, तेव्हा ती रात्र परत मिळाली. आज आपण तीच प्रत पाहणार आहोत.

आता त्या उन्हाचं. पिशाच्च सूर्यप्रकाशाने मरतं, हे आपण जुन्या लोककथेतलं समजतो. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. त्याला मारतात ते शस्त्रांनी, गळ्यावर खुखरी चालवून आणि छातीत सुरा खुपसून. उन्हाचा मृत्यू पडद्यावर आणला तो या सिनेमाने. ज्याचा जीवच प्रकाशावर चालतो त्या माध्यमाने आपल्या राक्षसाला प्रकाशानेच मारावं, याहून नेमकी कल्पना मला सुचत नाही. छत्तीस वर्षांनी इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला'मध्ये पीटर कुशिंग टेबलावरून धावत जाऊन उडी मारतो, खिडकीचा पडदा खाली ओढतो आणि ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर लीची राख होते. ते ऊन इथूनच गेलेलं आहे.

'नोस्फेरातू' स्टोकरच्या याच कादंबरीवर बेतलेला, पण तिचे हक्क मात्र घेतलेले नव्हते. नावं बदलली, गोष्ट तीच ठेवली. स्टोकर १९१२ साली वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला, आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. निर्मिती करणारी प्राना ही कंपनी तोवर दिवाळ्यात निघाली होती. तिचा हा एकुलता एक सिनेमा. फ्लोरेन्सबाईंना मी दोष देत नाही. नवऱ्याचं पुस्तक हा त्यांचा हक्काचा आधार होता. पण काही प्रती परदेशी निघून गेल्या होत्या, याबद्दल मी आजन्म कृतज्ञ आहे.

'नोस्फेरातू'च्या दोनच वर्षं आधी, १९२० साली, पाउल वेगेनरचा 'गोलेम' आला होता. प्रागच्या ज्यू वस्तीतला मातीचा माणूस. हान्स प्योल्त्सिग या वास्तुकाराने त्याच्यासाठी वाकडीतिकडी गल्ली उभी केली होती, जणू तीही चिखलातूनच थापलेली. गोलेममध्ये वजन आहे. पाऊल टाकलं की जमीन दबते. शेवटी एक लहान मुलगी त्याला जिवंत ठेवणारी छातीवरची चांदणी सहज काढून घेते आणि तो कोसळतो. त्याचा कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड पुढे अमेरिकेत गेला आणि १९३१च्या 'ड्रॅक्युला'चं छायाचित्रण त्याने केलं. आपल्याकडेही एक जर्मन आला: म्युनिकचा योझेफ विर्शिंग, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये. १९४९च्या 'महल'मधला अंधार त्याच्या कॅमेऱ्यातला आहे.

ओर्लोकला मात्र वजनच नाही. जहाजाच्या पोटात तो पेटीतून उठतो तो गुडघे न वाकवता, फळी उभी करावी तसा. ओर्लोक झालेल्या माक्स श्रेकला दिलेले दातही बघा: सुळे नाहीत, उंदरासारखे पुढचेच दोन. आणि जिन्याचा प्रसंग आला की कृपया बोलू नका. तिथे ओर्लोक दिसतच नाही. भिंतीवरून फक्त त्याची सावली चढते, कुबड, टोकदार कान, आणि दाराकडे वाढत जाणारी बोटं. मग नायिका एलेनच्या पांढऱ्या कपड्यावर त्या हाताची सावली सरकते. छातीवर येते. मूठ मिटते आणि ती कळवळते. स्पर्श झालेलाच नाही. पडद्यावरची सावली माणसाच्या काळजाला हात घालते, ती अक्षरशः.

दिवे मालवतोय. निळं दिसलं की रात्र समजा, पिवळसर दिसलं की घरातला दिवा. आणि शेवटाकडे पडदा गुलाबी होईल, तेव्हा खिडकीकडे लक्ष ठेवा.