धैवत चढा म्हणजे किती चढा?

नमस्कार. समोर संगीतात विशारद-अलंकार परीक्षा झालेले, एमए करणारे बरेच दिसताय आणि मघाशी चहाच्या वेळी चार-पाच जणींनी एकच विचारलं, मॅडम, पीएचडीला टॉपिक कसा शोधायचा. तर मी माझंच सांगते.

माझं पहिलं प्रपोजल होतं ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीचा चिकित्सक अभ्यास. कमिटीनं परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन रडले होते मी. आज वाटतं बरंच झालं, कारण एवढा मोठा विषय घेतला की माणूस पुस्तकातलं उतरवत बसतो आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेलं त्यात काही येतच नाही. गायिका प्रभाताई अत्रे बघा ना, त्या स्वतः ख्यालात सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत, गायच्या, त्यावर टीकाही व्हायची, आणि डॉक्टरेट केली ती सरगमवरच. प्रश्न गळ्यातून आला होता.

माझा प्रश्न तालमीतच पडून होता. भूप आणि देशकार, दोन्ही रागांत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, पण भूपात गंधार, म्हणजे ग, वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि देशकारात धैवत, म्हणजे ध. गुरुजी म्हणायचे, "देशकाराचा धैवत जरा चढा लाव गं." मी लावायचे. चढा म्हणजे किती, हे बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग मोजायला बसले. प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, आवाजाची उंची रेघ काढून दाखवतं. सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर षड्जाशी, म्हणजे सा शी, ५:३ या प्रमाणातला धैवत येतो ८८४ वर, २७:१६ चा ९०६ वर आणि आपल्या पेटीचा बरोबर ९०० वर, म्हणजे सगळं भांडण बावीस सेंटांचं! आपल्याकडे हा मोजायचा नाद जुना आहे हं, सांगलीच्या देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवर, पुस्तक काढलं आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या श्रुती गाऊन दाखवल्या.

जुन्या तबकड्यांवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. वेग थोडा चुकला तरी गायकाच्या स्वतःच्या षड्जापासून मोजलं तर अंतर बिघडत नाही, पण तो षड्ज सापडायला हवा ना, तानपुरा खरखरीत बुडालेला असतो. तीन मिनिटांच्या एका तबकडीला मला अकरा दिवस लागले.

नियमांचं थोडक्यात सांगते, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, बायकांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. विषय ठरवायच्या आधी शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर जाऊन जुने प्रबंध वाचा, प्लीज वाचा.

तर माझे आकडे. ते एका जागी थांबतच नव्हते, एकाच गायकाचा एकाच रागातला धैवत इकडे तिकडे. मला वाटलं माझंच चुकतंय, मग वाचनात आलं की जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनाही १९६३ मध्ये असंच दिसलं होतं. तरी धीर होईना, म्हणून प्रिंटआउट घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती रेघ बराच वेळ बघितली, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा इथे वरच्या सां वरून उतरलाय. आणि हा पुढचा पंचमावरून चढलाय. तू दोन्ही एकाच खान्यात कसे घातलेस?" आणि दोन्ही गाऊन दाखवले, आधी एक, मग दुसरा, मग परत पहिला.

मी त्याच रात्री एक्सेलमध्ये नवा कॉलम घातला, धैवत कुठून आला, आणि सगळ्या तबकड्या पहिल्यापासून ऐकायला घेतल्या.