मोडकी स्टिक आणि पेढ्यांचा पुडा

श्रोतेहो, नमस्कार. आज हॉकीपटू धनराज पिल्लेबद्दल बोलू. आडनाव ऐकून काही जण म्हणतात, तो मद्रासकडचा. अहो, आईवडील तमिळ, पण पोरगा पुण्याच्या खडकीचा. मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलतो. जन्म १६ जुलै १९६८. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतलं मैदान राखायचे. खडकीही लष्करी छावणीच, त्यामुळे आपल्या देवळाली कॅम्पात वाढलेल्यांना ती कशी असते ते सांगायला नको.

तर या भावंडांना नवी स्टिक घेणं परवडत नव्हतं. मोडक्या स्टिका आणि लोकांनी टाकून दिलेले चेंडू, यावर त्यांचा खेळ चालायचा. ही मोडकी स्टिक ध्यानात ठेवा. मऊ, धुळीच्या मैदानात ती घेऊन हा पोरगा तेव्हाचा नामी हॉकीपटू मोहम्मद शाहिद याच्यासारखं खेळायला बघायचा. पुढे थोरला भाऊ रमेश मुंबईत खेळत होता, त्याच्याकडे गेला आणि तिथून भारतीय संघात. १९८९ पासून २००४ पर्यंत खेळला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. पुन्हा सांगतो, चार, चार आणि चार. चेंडू घेऊन सुटला की केस उडताहेत आणि बचाववाले मागून पळताहेत, असं दृश्य असायचं.

१९९८ साली बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली आशियाई सुवर्ण मिळालं, तब्बल ३२ वर्षांनी. आणि परत आल्यावर काय? पुढच्या मालिकेतून धनराजसकट बरेच जण बाहेर! यावर मी बोलायला लागलो तर वेळ पुरणार नाही. असो.

मला सांगायचंय ते सप्टेंबर २००० चं. सिडनी ऑलिम्पिक, भारत विरुद्ध पोलंड. जिंकलो की उपांत्य फेरीत. माझ्या मामाचं देवळालीत लॅम रोडला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. पिंपळगावकडचे एक बागाईतदार आपला ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, त्यांना परतायची घाई. मामानं रेडिओ उघडला, नीट केला आणि वाजतोय का बघायला म्हणून कॉमेंट्री लावली. झालं! मामाचा हात थांबला. पाहुण्यांची घाईही थांबली.

आपण एक-शून्यनं पुढे. तेव्हा सामना सत्तर मिनिटांचा असायचा. मिनिटं सरत आली तसा मामा खुलला. मला पैसे दिले, म्हणाला, "पावशेर पेढे आण. केशरी नको, साधे." (केशरी पेढा म्हणजे नुसता रंग, हे मामाचं मत. माझंही तेच आहे.) मी पळत गेलो, पळत आलो. मामा रेडिओचं मागचं झाकण लावत होता. चार स्क्रूंपैकी तीन बसले होते.

आता दोनेक मिनिटं उरली होती. फक्त दोन मिनिटं, श्रोतेहो. आणि पोलंडनं गोल केला.

टीव्हीवर असा गोल पुन्हा पुन्हा दाखवतात, माणूस पंचांना, गोलकीपरला शिव्या घालून मोकळा होतो. रेडिओवर तसं नसतं. तिथे निवेदकाचा आवाज खाली बसतो आणि मागचा गलका तेवढा वाढतो. दुकानात कुणी बोलेना. एक-एक. सामना संपला, उपांत्य फेरी गेली. धनराज मैदानावर रडला, हे आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. मामानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मोडक्या स्टिकवर शिकलेला माणूस आहे तो, त्याला रडू येणारच."

पेढ्यांचा पुडा तसाच काउंटरवर होता. पाहुण्यांनी मजुरी विचारली, मामा म्हणाला, "राहू द्या. हे पेढे तेवढे घेऊन जा, मला घरात नकोत." ते बिचारे एका हातात रेडिओ आणि दुसऱ्यात पुडा घेऊन एसटी पकडायला गेले. चौथा स्क्रू मात्र लावायचा राहिला. तो मामाच्या गल्ल्यात, सुट्ट्या पैशांत, कितीतरी वर्षं पडून होता.