लिव्हर-ॲक्शन रायफल : हरणांच्या जंगलातील दीर्घायुषी हत्यार

[दृश्य : पानगळ झालेले ओकचे जंगल, पहाटेचा उजेड]

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की हरणांच्या शिकारीचा रायफल हंगाम सुरू होतो. कित्येक दशके हा हंगाम सोमवारी सुरू होत असे आणि ग्रामीण भागातील अनेक शाळा त्या दिवशी चक्क बंद ठेवल्या जात. कायद्याने बंधनकारक असलेले भडक नारिंगी कपडे घालून जंगलात शिरणाऱ्या या शिकाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात आज दुर्बीण बसवलेली बोल्ट-ॲक्शन, म्हणजे बाजूची मूठ हाताने मागे-पुढे सरकवून चालवायची रायफल असते. तरीही त्यांच्यात दरवर्षी असे काही जण हमखास दिसतात, ज्यांच्या रायफलीच्या चापाखाली पोलादाची लांबट कडी, म्हणजेच लिव्हर, लोंबताना दिसते. जिचे पेटंट 21 ऑगस्ट 1894 रोजी मिळाले, त्या रचनेची ही विंचेस्टर कंपनीची लिव्हर-ॲक्शन रायफल आहे. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, लष्करी बंदुकांच्या अनेक पिढ्या जुन्या ठरून मोडीत निघाल्या, आणि ही रायफल मात्र अजूनही दुकानात नवी विकत मिळते.

तिच्या टिकण्याचे कारण विचारले, तर बहुतेक जण रानटी पश्चिमेच्या, म्हणजे ‘वाइल्ड वेस्ट’च्या, आठवणींकडे बोट दाखवतात. ते उत्तर अपुरे आहे, आणि काही अंशी चुकीचेही आहे.

[दृश्य : हेन्री रायफलीचे जुने चित्र]

या कथेची सुरुवात कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरात होते. ऑलिव्हर विंचेस्टर हा तेथील शर्ट तयार करणारा कारखानदार. बंदुका बनवणाऱ्या एका डबघाईला आलेल्या कंपनीत त्याने पैसे गुंतवले, आणि त्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने 1860 मध्ये एका रायफलीचे पेटंट मिळवले. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये 16 काडतुसे मावत आणि कडी खालीवर केली की पुढचे काडतूस आपोआप जागेवर येई. एकेक गोळी भरून झाडण्याच्या त्या काळात ही गोष्ट केवढी मोठी होती, याची कल्पना अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका उद्गारावरून येते : ही बंदूक रविवारी भरायची आणि आठवडाभर झाडत राहायची, असे दक्षिणेचे सैनिक म्हणत, असे सांगितले जाते. पुढे 1866 मध्ये विंचेस्टरच्या नावाने पहिली रायफल आली आणि तिच्या बाजूला काडतुसे भरण्याची छोटी झडप आली. 1873 च्या मॉडेलने .44-40 हे काडतूस रूढ केले, जे पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागले. त्यामुळे एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही हत्यारांना पुरत.

सैन्यांनी मात्र ही रचना मनापासून स्वीकारली नाही. 1877 मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धातील प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैनिकांनी विंचेस्टर रायफलींनी रशियन फौजेची दाणादाण उडवली, हे खरे. परंतु जमिनीवर पालथे पडून गोळी झाडणाऱ्या सैनिकाला खाली उघडणारी कडी अडचणीची ठरते, आणि त्या काळची सांध्यांची यंत्रणा जोरकस लष्करी काडतुसांचा दाब पेलण्याइतकी मजबूत नव्हती. बोल्ट-ॲक्शनने लष्करात बाजी मारली आणि लिव्हर-ॲक्शन शिकाऱ्यांकडे राहिली.

[दृश्य : युटा राज्यातील ऑग्डेन शहर, जुनी छायाचित्रे]

यंत्रणेचा हा कमकुवतपणा दूर करणारा माणूस होता जॉन मोझेस ब्राउनिंग. युटा प्रांतातील ऑग्डेन येथे 1855 मध्ये जन्मलेल्या आणि वडिलांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या या माणसाची एकबारी रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली, आणि 1883 मध्ये कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. त्यानंतर 1886, 1892, 1894 आणि 1895 अशी चार लिव्हर-ॲक्शन मॉडेले त्याच्या कल्पनेतून उतरली. 1892 च्या मॉडेलबद्दल असे सांगतात की, कंपनीने काम तीन महिन्यांत मागितले, तेव्हा ब्राउनिंगने तीस दिवसांची मुदत स्वतःच घातली आणि ती चुकली तर रायफल फुकट देण्याची तयारी दाखवली. कंपनीला ती फुकट मिळाली नाही.

त्याची यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. 1894 च्या रायफलीची कडी पुढे-खाली ढकलली की तिच्यासोबत रायफलीच्या पोटाची पोलादी पट्टीही खाली झुकते, नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या मागे उभा असलेला अडसर उतरतो आणि बोल्ट मोकळा होऊन मागे सरकतो. मागे येताना तो रिकामी पुंगळी नळीतून ओढून वरच्या बाजूने बाहेर फेकतो आणि घोडा मागे दाबून सज्ज करतो. कडी परत वर खेचली की खालून उचललेले नवे काडतूस नळीत जाते आणि अडसर पुन्हा बोल्टच्या पाठीशी उभा राहतो. सरावलेल्या हाताला या सगळ्यासाठी सेकंदभरही लागत नाही आणि दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही. काडतुसे भरताना मात्र बाजूच्या झडपेची ताठ स्प्रिंग अंगठ्याचे कातडे सोलते. ही तक्रार मालकांची प्रत्येक पिढी करत आली आहे.

दुसरा मोठा बदल काडतुसात झाला. 1894 चे मॉडेल प्रथम काळ्या दारूच्या काडतुसांसाठी बाजारात आले. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, बिनधुराच्या दारूचे .30-30 काडतूस त्याच्यासाठी आले आणि तो दाब सोसावा म्हणून नळी निकेल मिसळलेल्या पोलादाची करण्यात आली. धुराचा ढग नाही, खांद्याला बसणारा धक्का माफक, आणि हरणासाठी पुरेशी ताकद. हा मेळ इतका चपखल बसला की या एका मॉडेलच्या 70 लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. दहा लाखावी रायफल 1927 मध्ये अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट देण्यात आली.

[दृश्य : जुन्या जाहिराती]

आता त्या रानटी पश्चिमेकडे वळू. विंचेस्टरने पश्चिम जिंकली, ही घोषणा कंपनीने विसाव्या शतकात जाहिरातींतून रुजवली. प्रत्यक्षात पश्चिमेकडे सरकत जाणारी वसाहतींची सरहद्द संपुष्टात आल्याचे 1890 च्या जनगणनेनंतरच जाहीर झाले होते, म्हणजे सर्वाधिक खपलेली ही रायफल जन्मली तेव्हा जिंकण्यासारखी पश्चिम उरलीच नव्हती. चित्रपटांनी या गोंधळात भर घातली. 1870 च्या दशकात घडणाऱ्या कथांमध्ये जॉन वेन आणि इतर नट सर्रास 1892 चे मॉडेल वापरताना दिसतात, कारण स्टुडिओच्या कोठारात तीच रायफल भरपूर होती. पडद्यावरच्या या प्रतिमेने विक्रीला हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नुसत्या प्रतिमेवर एखादे अवजार सव्वाशे वर्षे रोजच्या वापरात राहत नाही.

खरे कारण जंगलात आहे. अमेरिकेच्या पूर्व आणि उत्तर भागातील दाट रानात पांढऱ्या शेपटीचे हरीण दिसते ते बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत, झाडांच्या खोडांमधून, आणि तेही क्षणभर. तेथे पाचशे यार्डांवर नेम साधणाऱ्या रायफलीचा उपयोग मर्यादितच असतो. हवी असते ती आखूड, हलकी आणि झटकन खांद्याला लागणारी रायफल. 1894 च्या कार्बाइनची, म्हणजे आखूड प्रकाराची, नळी 20 इंचांची, वजन तीन किलोच्या आसपास, आणि दोन्ही बाजू अशा सपाट की ती घोड्याच्या खोगिराखालच्या म्यानात किंवा ट्रकच्या सीटमागे सहज बसते. मध्यभागी, नेमक्या तोलाच्या जागी, ती एका हाताच्या मुठीत मावते. जुनी, खूप वापरलेली रायफल निरखून पाहिली, तर त्या जागेवरचा काळसर निळा मुलामा घासून खालचे पोलाद रुपेरी उघडे पडलेले आढळते. माझ्या मते या रायफलीच्या लोकप्रियतेचा याहून चांगला दाखला नाही, कारण शिकारी हत्यार झाडतो थोडे आणि वागवतो फार.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे रेल्वेच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक लागतात. गोळीचे टोक अणकुचीदार असेल, तर धक्क्याने ते पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून स्फोट होण्याचा धोका असतो, म्हणून गोळ्या बोथट ठेवाव्या लागतात आणि बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मंदावतो. आर्थर सॅव्हेजने 1899 च्या मॉडेलमध्ये फिरकीचे मॅगझिन बसवून ही अडचण सोडवली. त्याची रायफल देखणी आणि अचूक होती, पण ती तयार करणे खर्चिक पडे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. मार्लिन कंपनीने वेगळा प्रश्न हाताळला. तिच्या रायफलीची पुंगळी 1889 पासून बाजूने बाहेर पडे, त्यामुळे पुढे दुर्बिणीचे युग आले तेव्हा 1948 चे मार्लिन 336 तयारच होते, आणि पुंगळी वर फेकणारी विंचेस्टर त्या बाबतीत मागे पडली. 2000 च्या दशकाच्या मध्यात हॉर्नडी कंपनीने मऊ, लवचिक टोकाच्या गोळ्या आणल्या, तेव्हा अणकुचीदार गोळी नळीच्या मॅगझिनमध्येही सुरक्षित झाली.

[दृश्य : कुरणात चरणारा हरणांचा कळप]

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या सगळ्याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेने दुसरी वाट धरली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे पाच लाखांवर आली होती. परवाने, ठरावीक हंगाम, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरील 11 टक्के करातून वन्यजीवांसाठी उभा राहिलेला निधी, यांच्या आधाराने ती संख्या आज तीन कोटींच्या आसपास आहे. हरणे वाढली तसा त्यांचा हंगामही टिकला, आणि हंगामासोबत त्या हंगामाची रायफल.

कायद्यांनी आणखी एका बाजूने हातभार लावला. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्धस्वयंचलित रायफलींना दीर्घकाळ मनाई राहिली आहे, आणि हाताने चालवायच्या यंत्रणांमध्ये लिव्हर बोल्टपेक्षा वेगाने चालते. ओहायो, आयोवा यांसारख्या सपाट राज्यांनी गेल्या काही वर्षांत हरणांसाठी रायफलींना परवानगी दिली ती सरळ भिंतीच्या, म्हणजे पुंगळी तोंडाशी निमुळती नसलेल्या, काडतुसांची अट घालूनच, जेणेकरून गोळी फार दूर जाऊ नये. या अटीत 1873 चे .45-70 काडतूस आपोआप बसले. निमुळत्या गळ्याचे .30-30 मात्र बसेना, तेव्हा रेमिंग्टनने 2023 मध्ये त्याचीच पुंगळी सरळ करून .360 बकहॅमर हे काडतूस खास लिव्हर-ॲक्शनसाठी बाजारात आणले.

कारखान्यांची कहाणी इतकी सुरळीत नाही. 1964 मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी घडीव भागांऐवजी ठोकून काढलेल्या पत्र्याचे भाग वापरले. ग्राहकांना ते इतके खटकले की त्याआधीची रायफल आजही जास्त किमतीला विकली जाते. 2006 मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडला आणि पुढे हे मॉडेल जपानच्या मिरोकू कंपनीत तयार होऊ लागले. मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, जुना कारखाना बंद झाला, आणि स्थलांतरानंतरच्या रायफलींच्या बांधणीवर शिकारी उघड नाराज होते. 2020 मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रुगर कंपनीने मार्लिन सुमारे तीन कोटी डॉलरना घेतली आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये आपली पहिली मार्लिन बाजारात उतरवली. 1996 मध्ये ब्रुकलिनमध्ये स्थापन झालेल्या हेन्री रिपीटिंग आर्म्सचा मूळच्या हेन्रीशी नावापलीकडे संबंध नाही, तरी तिने याच एका प्रकारावर आपला धंदा उभा केला.

अलीकडे या बाजारात उतरलेले एक मोठे नाव आहे स्मिथ अँड वेसन. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी 1854 मध्ये लिव्हरने चालणाऱ्या पिस्तुलाचे पेटंट घेतले होते. विंचेस्टरने पैसे घातले ती कंपनी त्याच पिस्तुलातून निघाली होती. त्यानंतर हे दोघे रिव्हॉल्व्हरकडे वळले. 2024 मध्ये त्यांच्या कंपनीने .44 मॅग्नम काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल काढली आणि तिला 1854 हेच नाव दिले. दस्ता काळ्या कृत्रिम द्रव्याचा, पोलाद न गंजणारे, वर दुर्बिणीसाठी पट्टी, तोंडाला सायलेन्सरसाठी आटे. अक्रोडाच्या दस्त्यावर वाढलेल्या जुन्या शिकाऱ्यांना हे रूप पाहवत नाही, पण कडी मात्र त्यांच्या सवयीच्या जागीच, चापाखाली आहे.