नाचाची किंमत : सलीम अहमद सलीम

नमस्कार मंडळी.

आफ्रिकेतल्या मुत्सद्द्यावर व्याख्यान म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर कोफी अन्नान आले असतील. मी बोलणार आहे ते अन्नान यांच्या पंधरा वर्षं आधी त्याच खुर्चीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदाच्या, अगदी जवळ पोचलेल्या आणि तिथून परतावं लागलेल्या माणसाबद्दल. सलीम अहमद सलीम. झांझिबारचे.

झांझिबारशी आपला संबंध लवंगेचा. तिथल्या सरकारने हिंदी व्यापाऱ्यांना लवंगेच्या धंद्यातून बाजूला सारणारे कायदे केले, तेव्हा १९३७ साली आपल्याकडे काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४२च्या जानेवारीत, सलीम यांचा जन्म झाला. त्याच बेटावर १९४६ साली एका पारशी घरात फारुख बलसारा नावाचा मुलगा जन्मला. तो आपल्या पाचगणीला शाळेत शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

१२ जानेवारी १९६४ला झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतान पळाला. अरब वंशाची हजारो माणसं मारली गेली. बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठलं. सलीम यांचे वडीलही ओमानी अरब वंशाचे, पण मुलगा विद्यार्थी चळवळीत वाढलेला, डाव्या विचारांचा. नव्या सरकारने त्यांना राजदूत म्हणून कैरोला पाठवलं. वय वर्षं बावीस! एप्रिलमध्ये झांझिबार आणि समोरच्या मुख्य भूमीवरचा टांगानिका एक झाले, टांझानिया जन्माला आला, आणि त्याचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी या पोराला हेरलं. १९६५ ते ६८ ते दिल्लीत उच्चायुक्त होते आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकतही होते. म्हणजे बरोबरीची पोरं परीक्षेची चिंता करत असताना हा गडी गाडीवर झेंडा लावून फिरत होता.

नंतर पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग, आणि १९७० पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत. आता त्या रात्रीकडे येऊ.

२५ ऑक्टोबर १९७१. संयुक्त राष्ट्रांची आमसभा. चीनची जागा तैवानमधल्या सरकारकडे राहावी की पेकिंगच्या सरकारला मिळावी, यावर मतदान. तैवानची जागा वाचवण्यासाठी अमेरिकेचे राजदूत जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, आठवडेच्या आठवडे मतं गोळा करत फिरत होते. विरुद्ध बाजूचा ठराव मांडणाऱ्या देशांत टांझानिया होता. निकाल लागला : ७६ विरुद्ध ३५. सभागृहात एकच जल्लोष झाला आणि टांझानियाची मंडळी रांगांमधल्या वाटेत नाचायला लागली. त्यांत एकोणतीस वर्षांचे सलीम होते. अमेरिकेत लोकांच्या लक्षात ठराव राहिला नाही, तो नाच राहिला.

ते का नाचले, हे समजून घ्यायला हवं. टांझानियाला शेजारच्या झांबियाशी जोडणारी रेल्वे हवी होती, म्हणजे झांबियाचं तांबं गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, न जाता दार-ए-सलामच्या बंदरातून बाहेर पडलं असतं. पाश्चात्त्य देश म्हणाले, परवडणार नाही. चीन म्हणाला, आम्ही बांधतो, बिनव्याजी कर्जावर. अठराशे साठ किलोमीटर. चीन स्वतः तेव्हा गरीब! ज्याने रूळ टाकायला माणसं पाठवली, त्याला खुर्ची मिळाली म्हणून हे नाचले. यात मला तरी काही गैर वाटत नाही. पण महासत्तेच्या पराभवावर तिच्याच अंगणात नाचलं, की ते बिल कधीतरी घरी येतं.

दहा वर्षांनी आलं. मधल्या काळात सलीम यांनी वसाहतमुक्तीच्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं, सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं, १९७९ साली आमसभेचे अध्यक्ष झाले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर जानेवारी १९८०मध्ये तातडीचं खास अधिवेशन भरलं, ते त्यांच्याच अध्यक्षतेखाली. परकी फौजांनी निघून जावं, हा ठराव १०४ विरुद्ध १८ असा मंजूर झाला. आपण, म्हणजे भारत, तटस्थ राहिलो होतो. तेही इथे सांगून टाकतो. सलीम यांना कम्युनिस्टांचा माणूस म्हणणाऱ्यांना हे अधिवेशन आठवत नसावं.

१९८१च्या ऑक्टोबरात सरचिटणीसपदाची निवड सुरू झाली. तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांना तिसऱ्यांदा व्हायचं होतं. आफ्रिकी ऐक्य संघटनेने सलीम यांना उभं केलं. नियम असा की सुरक्षा परिषदेच्या पंधरांपैकी नऊ मतं हवीत, आणि पाच बड्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरता कामा नये. अमेरिकेने सलीम यांना अडवलं, चीनने वाल्डहाइम यांना. पुन्हा मतदान, पुन्हा तेच. सोळा फेऱ्या! तेव्हा रेगन राष्ट्राध्यक्ष होते, आणि उपराष्ट्राध्यक्ष कोण? तेच जॉर्ज बुश. केवळ त्या नाचापायी सलीम अडले असं मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घाला म्हणणारा, पॅलेस्टाइनची बाजू घेणारा सरचिटणीस रेगन सरकारला नकोच होता. नाच हे कारण नव्हे, पण निमित्त म्हणून फार सोयीचं.

डिसेंबरात परिषदेचं अध्यक्षपद युगांडाचे ओलारा ओटुन्नू यांच्याकडे आलं. जेमतेम एकतीस वर्षांचा तरुण. त्याने दोघांनाही बाजूला व्हायला राजी केलं, बाकीच्या उमेदवारांवर गुप्त चाचपणी घेतली, आणि पेरूचे पेरेझ द क्वेयार निवडून आले. सलीम यांना बाजूला व्हायला सांगणारा आफ्रिकीच असावा, हे त्यातलं सगळ्यात अवघड वळण.

मायदेशी ते परराष्ट्रमंत्री झाले होतेच. एप्रिल १९८४मध्ये पंतप्रधान सोकोइने मोटार अपघातात गेले आणि सलीम पंतप्रधान झाले. पुढच्या वर्षी न्येरेरे राष्ट्राध्यक्षपद सोडणार होते. त्यांच्या मनात सलीम होते, असं सांगितलं जातं. पण झांझिबारच्याच नेत्यांनी विरोध केला. अरब रक्ताचा माणूस, जुन्या सुलतानधार्जिण्या पक्षातला माणूस, हीच कुजबुज. अली हसन म्विन्यी राष्ट्राध्यक्ष झाले. २००५ साली सलीम राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पुन्हा उभे राहिले, पुन्हा तीच कुजबुज, पुन्हा हार. बाहेर ते फार काळे ठरले आणि घरात पुरेसे काळे ठरले नाहीत, असं मला कधीकधी वाटतं.

आणि तरीही त्यांचं खरं काम या हुकलेल्या खुर्च्यांच्या मधल्या जागेत आहे. १९८९ ते २००१, तीन मुदती, बारा वर्षं, ते अदिस अबाबाला आफ्रिकी ऐक्य संघटनेचे सरचिटणीस होते. लोक या संघटनेला हुकूमशहांचा क्लब म्हणत. वर्गणी थकलेली, आणि सनदेत स्पष्ट लिहिलेलं : दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही. सलीम यांनी सभासद राष्ट्रप्रमुखांपुढे म्हणणं मांडलं की आपल्या सीमा परक्यांनी आखलेल्या आहेत. शेजारच्या घराला आग लागली की धावून जायचं ही तर आपलीच रीत आहे. ज्यांच्या घरातून धूर येत होता, त्यांच्याच तोंडावर हे बोलायचं होतं! १९९३ साली कैरोला संघर्ष रोखण्याची एक यंत्रणा मंजूर झाली. यंत्रणा होती, पैसा नव्हता, फौज नव्हती.

पुढच्याच वर्षी रुवांडा. तिथलं सरकार आणि बंडखोर यांच्यातला आरूशाचा शांतता करार होऊन आठ महिनेच झाले होते, संघटनेचे मोजके लष्करी निरीक्षक तिथे जाऊन आलेले. तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाल्यावर संयुक्त राष्ट्रांनी आपले अडीच हजार सैनिक २७०वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत लाखो माणसं मेली. जगाकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. संघटनेने बोट्स्वानाचे माजी राष्ट्राध्यक्ष मासिरे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं. त्याचा अहवाल जुलै २०००मध्ये आला, आणि त्यात खुद्द संघटनेच्या मौनावरही ठपका आहे. त्याच महिन्यात लोमे इथे, या संघटनेची जागा घेणाऱ्या आफ्रिकी संघाची घटना मंजूर झाली. तिच्या चौथ्या कलमात लिहिलंय की वंशसंहार, युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर संघाला सभासद देशात हस्तक्षेप करण्याचा हक्क आहे. संघटनेच्या १९६३च्या सनदेशेजारी हे वाक्य ठेवून वाचा. हे वाक्य एकट्या सलीम यांचं नाही; पण ते लिहिता येईल अशी हवा तयार करायला बारा वर्षं लागली. हे कलम किती वेळा वापरलं, असं तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. जवळजवळ नाहीच. पुढे सुदानमधल्या दार्फुरच्या वाटाघाटींत आफ्रिकी संघाचे दूत म्हणून खुद्द सलीमच बसले, २००६चा करार झाला, पण बंडखोरांच्या एकाच मोठ्या गटाने सही केली.

नंतर ते मो इब्राहिम पुरस्काराच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. मुदत संपल्यावर सरळ खुर्ची सोडणाऱ्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखाला हा पुरस्कार मिळतो, पन्नास लाख डॉलरचा. कित्येक वर्षी समितीने जाहीर केलं, यंदा कोणी लायक नाही.

आणि सप्टेंबर २०१९मध्ये चीनने सहा परदेशी माणसांना मैत्रीपदक दिलं. यादीत क्यूबाचे राउल कॅस्ट्रो होते, थायलंडच्या राजकन्या सिरिंधोर्न होत्या, आणि एक नाव झांझिबारचं होतं. त्या रात्रीला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं होत आली होती.