अरिमा : कागदावर संपवलेली माणसं

मंडळी, त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर १८४५ पासून कराराने ऊसमळ्यांत राबायला गेलेले हिंदुस्थानी मजूर, म्हणजे गिरमिटिये. पण आज मी बोलणार आहे ते त्यांच्याही आधीच्या, तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल. उत्तरेकडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी अरिमा नावाचं गाव आहे. तिथली ही माणसं नामशेष झाली, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. ती आजही तिथेच नांदताहेत.

गावात हायारिमाचा पुतळा आहे. हा नेपुयो जमातीचा सरदार. १६३७ साली डचांना हाताशी धरून त्याने सान होसे या त्रिनिदादच्या तेव्हाच्या स्पॅनिश राजधानीवर हल्ला चढवला होता. पुढे अठराव्या शतकात कापुचिन या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी अरिमात मिशन, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करून ठेवण्याची वस्ती, वसवलं. मग १७८३ साली स्पेनच्या राजाने फर्मान काढलं : कॅथलिक गोऱ्याने त्रिनिदादला येऊन वसावं, माणशी सुमारे ३० एकर जमीन फुकट. फ्रेंच मळेवाले आले. त्यांना जागा हवी, म्हणून ताकारिग्वा, अरुका इथल्या मूळ रहिवाशांना उठवून अरिमात आणलं.

१७९७ मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. गव्हर्नर वुडफर्डने या लोकांना थोडाफार आधार दिला, पण १८२८ साली तो वारला आणि पाठीराखा उरला नाही. मिशनची जमीन सामाईक, कुणाच्याच नावावर नाही. तशात लग्नं आफ्रिकी, स्पॅनिश, पुढे हिंदुस्थानी घरांशीही होत गेली, आणि ज्याचं रक्त ‘शुद्ध’ नाही तो मूळ रहिवासीच नव्हे, असं ठरत गेलं. मला हे फार संतापजनक वाटतं. माणसं घरात, शेतात वावरत होती आणि दप्तरात मात्र त्यांचा वंश बुडत होता. जमिनीवरचा हक्क अर्थातच त्याबरोबर गेला. १८७६ ला रेल्वे आली, कोकोचा व्यापार फोफावला, तो याच मुलखात.

टिकलं काय, ते त्यांच्या स्वयंपाकघरात बघा. तिथला कडू कसावा विषारी असतो. तो सोलून किसतात आणि कीस वेताच्या लांबट विणलेल्या नळीत ठासून भरतात. नळी आढ्याला टांगून खालून ताणली की ती आवळते आणि विषारी रस निथळून जातो. उरलेला कोरडा चोथा चाळून तव्यावर पातळ भाकरीसारखा भाजतात. आपण उपासाला खातो तो साबुदाणाही याच कंदाचा. हे पीक दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी माणसाळवलेलं आहे. आपल्या देवघरापर्यंत पोचलेल्या या ज्ञानाचे धनी कोण, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे ऑगस्टमधला सांता रोसाचा उत्सव. लिमाची ही रोसा अमेरिका खंडातली पहिली संत. एक ऑगस्टला टेकडीवर तोफ डागून उत्सवाची वर्दी देतात, आणि समाजाने ‘राणी’ म्हणून निवडलेली ज्येष्ठ स्त्री त्यात मानाने पुढे असते. चर्चच्या या उत्सवाच्या आधारानेच समाज एकत्र राहिला. १९७०च्या दशकात रिकार्डो भरत हर्नांडेझ यांनी त्याला संघटित केलं, १९७६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. प्रमुखाच्या नावातच ‘भरत’ आहे, ते ऐकलंत ना? १३ ऑक्टोबर २०१७ला सरकारने या लोकांच्या सन्मानार्थ एकदाच सार्वजनिक सुट्टी दिली.

आणि जमीन? ब्लांशिसेज रस्त्यालगत २५ एकर, साऱ्या समाजाला मिळून. १७८३ साली एकेका गोऱ्या वसाहतवाल्याला याहून जास्त मिळत होती.